साकीनाक्यात ओव्हल स्पिनिंग: दिव्याच्या शेडचं काम करून घेतलं, त्याबद्दल

गोल शेड मुंबईत कुणीही स्पिन करून देतं, म्हणजे फिरत्या साच्यावर पत्रा दाबून घडवून देतं. ओव्हल म्हटलं की बहुतेक जण हात वर करतात, नाहीतर प्रेसवाल्याकडे पाठवतात. दादरच्या एका हॉटेलात लांब टेबलांवर टांगायला मला अ‍ॅल्युमिनियमच्या चाळीस ओव्हल शेड हव्या होत्या: 500 बाय 320 मिमी, खोली 150. प्रेसवाल्याने नुसत्या डाय-पंचाचे दोन लाख सांगितले. साकीनाक्याच्या या गाळ्यात एमएसच्या (साध्या पोलादाच्या) एका फर्म्यावर, म्हणजे साच्यावर भागलं, अठरा हजारांत.

टूल हाताने दाबायचं जुनं लेथ इथेही आहे, पण गोल कामापुरतं. ओव्हल फर्मा फिरताना पत्रा दाबणाऱ्या रोलरला एका फेऱ्यात दोनदा आत आणि दोनदा बाहेर यावं लागतं. म्हणून इथला रोलर सर्व्हो मोटरवर आहे, फर्मा जसा वळेल तसा सरकणारा. फर्मा फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, मुद्दाम सावकाश ठेवतात; वेग वाढला की रोलर मागे पडतो आणि पत्र्यावर वळ उठतात.

पत्र्याचं गेज, म्हणजे जाडी, ठरवताना (आकडा लहान तितका पत्रा जाड) मालकांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "ताई, बाजूंना भिंत उभी आहे, पत्रा इथंच ताणणार. 20 गेज नको, 18 घ्या." त्या एका वाक्यावर मी काम दिलं. शिअर स्पिनिंगमध्ये, म्हणजे पत्रा ताणून फर्म्यावर बसवण्याच्या या पद्धतीत, भिंत फिरण्याच्या अक्षाकडे जितकी झुकते तितका पत्रा पातळ होतो. अक्षाशी 30 अंशांचा कोन असेल तर जाडी निम्मीच उरते. ओव्हलमध्ये हा कोन जागोजागी बदलतो, खरी परीक्षा तिथेच. पहिली शेड त्यांनी माझ्यासमोर उभी कापली आणि मायक्रोमीटर लावला. 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिमीचा पत्रा लांब टोकांना 0.9 भरला, बाजूंना 0.7. हिशेबाने यायला हवा होता तेवढाच! बाकीच्या शेडही हात फिरवून पाहिल्या, कुठे सुरकुती नाही.

कडेच्या कामावर मात्र मी नाराज आहे. ट्रिमिंगनंतर धार तशीच सोडली होती, बोट कापेल अशी. ओव्हलची कड वळवून देत नाहीत, ते दुसरीकडे करून घ्यावं लागलं. मालही उशिरा मिळाला.

पाच-दहा नगांसाठी फर्म्याचा खर्च परवडत नाही, तीस-चाळीस असतील तर जरूर जा. फोटो नको, मापांचं ड्रॉइंग न्या आणि पहिला नग कापून जाडी दाखवायला सांगा. एक शेड वाया जाते, पण ते नाही म्हणत नाहीत.