दिल्लीची 2014 ची डिझेल सेडान 4,85,000 ला घेतली, पुरात बुडालेली निघाली

वैतागून लिहितोय, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटतेय, कारण आमच्या ऑफिसात कुणाला गाडी घ्यायची असली की लोक मला विचारायचे. आता कुणी विचारत नाही, समोरून हसतात फक्त.

आधीच सांगतो म्हणजे "जुनी मोठी गाडी घेतलीच कशाला" हे लिहायची तसदी नको. रोज हायवेने येऊन-जाऊन साठेक किलोमीटर होतात. वडिलांचे गुडघे गेलेत, त्यांना उंच एसयूव्हीत चढवत नाही आणि छोट्या गाडीत पाय पसरत नाहीत. नवीन असताना पंचवीस लाखांच्या घरात असलेली सेडान, सहा एअरबॅग, मागे झोपता येईल एवढी जागा, आणि ती पाच लाखात मिळतेय तर माणूस बघणारच ना. त्या पैशात नवीन काय मिळतं ते तुम्हालाही माहितीये. कंपनीचं नाव देत नाहीये, गाडीचा काही दोष नव्हता, गाडी बिचारी चांगलीच होती बुडायच्या आधी.

दिल्लीच्या गाड्यांचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, 2015 ला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने 2018 ला त्यावर शिक्का मारला, दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपास) चालवायची नाही, मी गाडी घेतली तेव्हा तोच नियम होता. त्यामुळे तिकडच्या चांगल्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येतात. आणि इथेच खरी मेख आहे. एरवी एवढी स्वस्त गाडी दिसली की मनात शंका येते, स्वस्त का? दिल्लीच्या गाडीत त्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार असतं, त्यामुळे तो प्रश्न तुम्ही विचारतच नाही. माझी गाडी ऑक्टोबर 2014 ची, दहा वर्षं नुकतीच भरलेली, डिसेंबर 2024 मध्ये मी बघायला गेलो, सगळं बरोबर जुळत होतं.

डीलर हायवेलगतचा, आठ-दहा गाड्या उभ्या, ऑफिसात एसी, चहा, "दादा या बसा". सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, मीटरवर 64,200. पाच पंचवीस सांगितले, चार पंच्याऐंशीला तुटलं. त्यातले 25,000 टोकन त्याच्या नंबरवर यूपीआय केले, 3,00,000 बँकेने "भावाच्या" खात्यात, आणि 1,60,000 रोख मागितले, "दादा दिल्लीच्या पार्टीला रोख द्यावे लागतात हो". दोन लाख किंवा वर रोख घेतले की इन्कम टॅक्सवाले विचारणार, तेवढं त्याला बरोबर ठाऊक. पाचशेच्या स्टँपवर करार झाला तो दिल्लीतला मालक आणि मी यांच्यात, किंमत लिहिली 3,25,000, आणि खाली एक ओळ, "गाडी जशी आहे तशी पाहून घेतली". डीलरचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. पैसे घेणारा एक आणि विकणारा दुसराच.

आता तो क्षण. हा मला रोज रात्री आठवतो.

मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून सगळं काढलं होतं, लोन नाही, चलान बाकी शून्य, आरसी अ‍ॅक्टिव्ह. इन्शुरन्सची कॉपी पण हातात घेऊन वाचली. जुनी पॉलिसी ऑगस्ट 2023 ला संपलेली, मग मधे काहीच नाही, आणि नवीन पॉलिसी थेट 2024 च्या मार्चमधली, फक्त थर्ड पार्टी. पीयूसीपण 2023 च्या मध्यातच संपलेलं. मी विचारलं. विचारलं हो मी! म्हटलं हे सात-आठ महिने गाडीला इन्शुरन्स नव्हता का. तो जरासुद्धा अडखळला नाही. म्हणाला, "दादा मालक मुलीकडे कॅनडाला गेले होते ना, गाडी बेसमेंटला उभी होती, म्हणून तर एवढी कमी फिरलीये." एका वाक्यात पॉलिसीची गॅप पण मिटली आणि 64,200 चा आकडापण पटला. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, एनसीबी) शून्य होता, त्यालाही उत्तर होतंच, पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले की एनसीबी जातोच, नियमच आहे तो. खोटं काहीच नव्हतं त्यात! गाडी बेसमेंटलाच उभी होती. फक्त त्या बेसमेंटमध्ये पाणी भरलेलं होतं.

13 जुलै 2023 ला यमुना 208.66 मीटरला गेली होती, 1978 चा 207.49 चा रेकॉर्ड मोडला, सिव्हिल लाइन्स, काश्मिरी गेटपर्यंत पाणी आलं, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. मीपण बघितलं. आणि हातात कागद घेऊन बसलोय ज्यावर दिल्लीचा नंबर आणि 2023 चा पावसाळा दोन्ही आहेत, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. चलानच्या यादीचंही तेच. मी फक्त बाकी शून्य बघितलं. भरलेल्या चलानांच्या तारखा बघितल्या असत्या तर जून 2023 पर्यंत दर दोन-तीन महिन्याला स्पीडचं एखादं चलान आहे आणि त्यानंतर एकदम चिडीचूप. कमी फिरलेल्या गाडीला एवढी चलानं कशी? पण मला सांगा, चलान भरलेलं आहे म्हटल्यावर तारीख कोण बघतं? तुम्ही बघता? आता बघा.

बायकोने मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला होता, खालचा हातभर पट्टा वेगळ्या रंगाचा, मातकट. डीलर म्हणे ऊन लागून होतं. गुंडाळलेल्या पट्ट्याला ऊन कुठून लागणार हे घरी आल्यावर ती म्हणाली, तोपर्यंत टोकन गेलं होतं. हे मला अजून ऐकावं लागतं.

आरटीओचं ट्रान्सफर, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर आणि एजंट मिळून 68,000. इन्शुरन्स 14,350. दोन महिने गाडी मस्त चालली, हेही सांगतो, म्हणजे "चालवून बघितली नाही का" म्हणू नका. पाण्यात बुडालेली गाडी वाळवून, धुऊन, सीट कव्हर बदलून चालू केली की चालते. वायरिंगच्या जोडांना आतून गंज चढायला वेळ लागतो. मार्चमध्ये पॉवर विंडो आपोआप खाली यायला लागली, मग एअरबॅगचा दिवा, मग एसीचा ब्लोअर, मग रात्री हायवेला एकदम सगळं डॅशबोर्ड बंद, वडील मागे बसलेले. अल्टरनेटर 18,900, बॉडी कंट्रोल मॉड्यूल 47,200, एअरबॅग मॉड्यूल 22,400, ब्लोअर 6,800, आणि शेवटी पूर्ण वायरिंग 61,500. गाडी पाच लाखाची झाली तरी पार्ट पंचवीस लाखाच्या गाडीचेच येतात हे जुनी मोठी गाडी घेणाऱ्याने पाठ करून ठेवावं. एकूण 7,24,150 गेले, वकील वेगळा.

वायरिंग काढायला मेकॅनिकने कार्पेट उचललं आणि मला फोन केला, "साहेब जरा येऊन बघा." सीटच्या रेलखाली वाळलेला गाळ, बोल्ट पूर्ण गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात बारीक रेती. मग त्याने स्कॅनर लावला. मीटरचा आकडा मागे करता येतो, पण काही गाड्यांत बाकीच्या मॉड्यूलमध्ये जुने एरर पडलेले असतात आणि त्यासोबत त्या वेळचे किलोमीटर. एका एररवर 1,68,900 होतं. माझ्या मीटरवर तेव्हा 69 हजार.

इथून पुढचा तमाशा ऐका.

गाडी विकत घ्यायच्या आधी मी सर्व्हिस सेंटरला फोन केला होता, हिस्टरी द्या म्हणून, तर म्हणाले रजिस्टर्ड मालकालाच देतो, प्रायव्हसी आहे. ठीक. आता मालक मीच, आरसी माझ्या नावावर, घेऊन गेलो तर म्हणे जुन्या मालकाच्या काळातलं देता येत नाही. म्हणजे विकत घेण्याआधी मी मालक नाही म्हणून नाही, आणि घेतल्यावर तेव्हा मालक नव्हतो म्हणून नाही! शेवटी तिथल्याच एका पोराने कीव येऊन स्क्रीन माझ्याकडे वळवली. जून 2023, सर्व्हिस, 1,71,340 किमी. त्याखाली जुलै 2023, टो करून आणली, पाणी सीटच्या वर, काम केलं नाही. फोटो काढू दिला नाही.

इन्शुरन्स कंपनीला मेल केला, आमच्याकडे तुमचा क्लेम नाही, दुसऱ्याच्या क्लेमची माहिती देता येत नाही. अरे पण टोटल लॉस दिला असेल तर तुम्हीच ती गाडी भंगाराच्या लिलावात विकली ना? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, मग ती गाडी लिलावातून उचलणारे कोण असतात, हे काय कंपनीला माहीत नाही? मोटार वाहन कायद्यात कलम 55 आहे, गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसी रद्द करायची. पण निकामी ठरवायची कुणी, आणि कळवतंय कोण. आरसी जिवंत राहते आणि त्या आरसीवर माझ्यासारखे मरतात.

आरटीओत गेलो. म्हणाले चेसिस नंबर जुळतो ना? इंजिन नंबर जुळतो ना? मग आमचं काम झालं. मी म्हटलं 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमचं ऑथरायझेशन लागतं, फॉर्म 29बी, या डीलरकडे आहे का सांगा. समोरच्या साहेबाने शेजारच्याकडे बघितलं, शेजारचा म्हणाला लेखी अर्ज द्या. दिला. पोच आहे माझ्याकडे, उत्तर नाही. हा नियम आहे ना, तो नेमका यासाठीच केलाय, मालकाने गाडी डीलरकडे दिली की फॉर्म 29सी भरून कळवायचं, मग गाडी पुढे विकली जाईपर्यंत डीलरच मालक धरला जातो, जबाबदारी त्याची. माझ्या डीलरने तो रस्ता टाळला म्हणूनच तर तो आज कुठल्याच कागदावर नाही. आणि ज्यांनी हे बघायचं ते विचारतात, तुम्हाला हा फॉर्म कुणी सांगितला.

पोलीस स्टेशनला हवालदार म्हणाला चारशेवीस होत नाही यात. चारशेवीस आता राहिलंच नाहीये मुळात, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 आहे, ते मी त्याला सांगितलं हे बहुतेक चुकलंच, त्यानंतर मला दोन तास बाकावर बसवलं. मग साहेबांनी करार वाचला, "जशी आहे तशी" वर बोट ठेवलं, म्हणाले सही तुमचीच ना, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. मीटर फिरवणं दिवाणी! एफआयआर घेत नसतील तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 173 खाली वरिष्ठांकडे पोस्टाने तक्रार पाठवता येते, ती पाठवली, तिकडून तीन ओळींचं पत्र आलं, त्यात परत दिवाणी. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, त्यांनी डीलरला कळवलं, डीलरने कळवलं मी फक्त ओळख करून दिली, तक्रार बंद.

आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीये. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने स्वतःच्या जिल्ह्यात टाकता येते, दोन वर्षांच्या आत. वकिलाने पहिल्या भेटीत विचारलं की डीलरनेच विकली याचा पुरावा काय. 3,00,000 भावाच्या खात्यात, 1,60,000 रोख म्हणजे हवेत, करार दिल्लीवाल्याशी. डीलरच्या स्वतःच्या नंबरवर गेलेलं ते 25,000 चं यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने पाठवलेलं "सिंगल ओनर 64k नॉन एक्सीडेंट", एवढंच हातात आहे. म्हणून सांगतो, फोनवर बोलू नका, सगळं मेसेजवर वदवून घ्या. रोख मागितली की उठा. पैसे घेणारा आणि कागदावर विकणारा एकच पाहिजे, नसेल तर उठा. सर्व्हिस हिस्टरी आत्ताच्या मालकानेच मागायला लावा, त्याचा फोन जोडून द्या म्हणा, डीलर जोडून देत नसेल तर तेच उत्तर समजा. स्कॅनरवाल्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन बरोबर न्या, आणि तो तुमचाच पाहिजे, डीलरने "आपला माणूस आहे" म्हणून बोलावलेला नाही. कार्पेटचा कोपरा उचलू देत नाही म्हणाला तर वाद घालत बसू नका. वास येत नाही म्हणून खूश होऊ नका, माझ्या गाडीत तीन परफ्यूम होते.

गाडी सध्या दारात उभी आहे. मागच्या आठवड्यात विकायची का म्हणून दुसऱ्या एका डीलरला दाखवली, म्हटलं आधीच सांगतो, पुराची आहे. तो म्हणाला, "ते मला कशाला सांगता, 2,10,000 देतो, रोख, कागद कोरे सही करून ठेवा." कोरे टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे), म्हणजे पुढच्याच्या करारावर विकणारा मी असणार. नाही दिली.