मळ्यातली पेटी आणि घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय घ्यावा की जुना थिन क्लायंट?

निफाडजवळ माझ्या मामेभावाच्या द्राक्षबागेत एक पेटी टांगलेली आहे. तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं, एवढंच ती दर पाच मिनिटांनी नोंदवते. पान किती तास ओलं होतं यावरून डाउनी या बुरशीजन्य रोगाचा धोका कळतो. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरू लागला की पहाटे शेकोट्या कधी पेटवायच्या, ड्रिप कधी सोडायचं, हेही त्याच आकड्यांवर ठरतं. दुसरं यंत्र माझ्या इंदिरानगरच्या घरी आहे. त्यावर घरातले फोटो, बॅकअप आणि बागेतून येणाऱ्या नोंदी राहतात. दोन्हींवर लिनक्स हीच ऑपरेटिंग सिस्टिम आहे, पण आपल्या कामापुरतं बेतून घेतलेलं.

अशी जुळणी करायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो वेगाचा: कोणता बोर्ड जोरदार? मी म्हणेन, तो प्रश्न शेवटी विचारा. आधी हे बघा, की अचानक वीज गेली आणि पुन्हा आली तर यंत्र कुणी हात न लावता कामाला लागेल का? आणि तुम्ही गावाला गेलात तर दुसऱ्या कुणाला ते पुन्हा उभं करता येईल का?

हे मी चूक करूनच शिकलो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर बाग ऐन पोंग्यात, म्हणजे नवे कोंब फुटण्याच्या अवस्थेत होती, परतीचा पाऊस सुरू होता आणि दिवसातून सात-आठ वेळा वीज जात होती. पेटीतल्या रास्पबेरी पायवर, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणाऱ्या संगणकावर, मी सिस्टिम जशीच्या तशी टाकली होती. ती दर मिनिटाला एसडी कार्डावर काही ना काही लिहीत बसायची. एकदा लिहिता लिहिताच वीज गेली आणि कार्डावरची फाइल सिस्टिम मोडली. तीन दिवसांच्या नोंदी गेल्या, आणि नेमके तेच पावसाचे दिवस होते. भावाने अंदाजाने फवारण्या घेतल्या. तो मला काही बोलला नाही, पण मला ते अजून लागून आहे.

कोणतं लिनक्स

म्हणून सिस्टिमची निवड मी एका गोष्टीवर करतो: ती कार्डावर किती कमी लिहिते.

रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप नसलेली आवृत्ती हा सर्वांत सरळ रस्ता. 2020 पर्यंत हिचं नाव रास्पबियन होतं. मुळात ती डेबियन हे खूप वापरलं जाणारं लिनक्सच, त्यामुळे अडलं की उत्तर सापडतं. तिच्या सेटिंगच्या मेन्यूत ओव्हरलेची सोय आहे. ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं, नवं लिखाण सगळं रॅममध्ये होतं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं. वीज कितीही वेळा गेली तरी सिस्टिम पहिल्या दिवसासारखी उभी राहते. मात्र नोंदीही रॅममध्येच राहतात, म्हणजे त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहाव्या लागतात किंवा लगेच नेटवरून घरी पाठवाव्या लागतात. अनेकजण ओव्हरले चालू करतात आणि हे विसरतात. मग महिन्याभराने पाहावं तर पेटी ठणठणीत आणि नोंदींची फाइल रिकामी.

डाएटपायही डेबियनवरच बेतलेली आहे. लॉग, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी, रॅममध्ये ठेवण्याची सोय तिच्यात आधीपासून आहे आणि नेहमीचे प्रोग्राम मेन्यूतून चढवता येतात. ती रास्पबेरी पायवर चालते तशीच साध्या इंटेलच्या मिनी पीसीवरही चालते. ज्याला टर्मिनलची फारशी सवय नाही त्याने इथून सुरुवात करावी.

अल्पाइन हे अगदी आटोपशीर लिनक्स मला मनापासून आवडतं. डिस्कलेस पद्धतीने लावलं तर अख्खी सिस्टिम रॅममध्ये चढते आणि कार्डाला पुन्हा हात लागत नाही. तुम्ही केलेले बदल एका आज्ञेने एका छोट्या फाइलमध्ये बांधले जातात. ती फाइल दुसऱ्या कार्डावर टाकली की तीच पेटी पुन्हा तयार. अडचण एकच, पण मोठी आहे. डेबियनमध्ये ग्लिबसी असते तिथे यात मसल नावाची वेगळी सी लायब्ररी (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती) आहे, त्यामुळे बाहेरून आणलेले तयार प्रोग्राम चालतीलच असं नाही. पायथनची काही पॅकेजं बोर्डावरच कंपाइल करावी लागतात. झीरो 2 डब्ल्यू या छोट्या रास्पबेरी पायच्या 512 एमबी रॅमवर त्याचा जीव जातो. आपल्या सेन्सरची लायब्ररी तिथे चालते का, हे कार्ड लिहिण्याआधी तपासा.

बिल्डरूट म्हणजे कर्नलपासून, सिस्टिमच्या गाभ्यापासून, सगळं स्वतः बांधायचं. इमेज, म्हणजे कार्डावर टाकायची तयार सिस्टिम, थोड्याच एमबींत मावते आणि पटकन बूट होते. पण त्यात पॅकेज मॅनेजर नाही, एक ओळ बदलायची तरी इमेज नव्याने बांधा. एकसारख्या पन्नास पेट्या करायच्या असतील तर हेच करा. दोन पेट्यांसाठी करू नका.

कोणतं यंत्र

बागेत वीज नसेल आणि सोलरवर भागवायचं असेल तर गणित स्वच्छ आहे. झीरो 2 डब्ल्यू साधारण 1 वॅट खातो, म्हणजे दिवसाला 24 वॅट-अवर. यूपीएसमधल्या 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 84 वॅट-अवर असतात. ती निम्मीच वापरायची म्हटली तरी रात्र आणि एक ढगाळ दिवस निघतो. पाय 4 रिकामा बसला तरी 3 वॅटच्या आसपास घेतो. तो त्याच बॅटरीवर एक दिवसही पुरत नाही. शिवाय दोघांच्याही पिनांना सेन्सर थेट जोडता येतात, मिनी पीसीला तशा पिनाच नसतात.

पाय 5 बागेसाठी नको. त्याला 5 व्होल्ट, 5 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. 65 वॅटचा मोबाइल चार्जर लावून भागेल असं वाटतं, पण असे चार्जर 5 व्होल्टवर सहसा 3 अँपिअरच देतात. मग पाय 5 यूएसबीची वीज 600 मिलिअँपिअरवर आवळतो आणि जोडलेली एसएसडी अडखळते.

झीरोत आणि पाय 4 मध्ये घड्याळ नाही, हेही लक्षात ठेवा. वीज आली पण राउटर सुरू झाला नाही, तर पहाटे तीनची नोंद रात्री अकराची म्हणून पडते. थंडीच्या दिवसांत अशी नोंद नसलेली बरी. डीएस3231 हे छोटं घड्याळ मॉड्यूल आणि बटन सेल लावला की प्रश्न मिटतो. पेटी बंदिस्त हवी, कारण मोरचुदाच्या बोर्डो फवारणीने जोडण्या हिरव्या पडतात. ती वेलीच्या सावलीत लावा. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये बोर्ड 80 अंशांपर्यंत तापतो आणि तिथून पुढे स्वतःचा वेग कमी करायला लागतो.

ऑरेंज पायसारखे बोर्ड कागदावर जास्त ताकदीचे दिसतात. पण अशा प्रत्येक बोर्डाला कर्नलकडून त्याची स्वतंत्र डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय याची यादी) लागते, आणि कंपनी बरेचदा जुन्या कर्नलवरच थांबते. अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणारी आर्मबियनची मंडळी हे ओझं उचलतात. तुमचा बोर्ड त्यांच्या यादीत नीट सांभाळला जात असेल तरच घ्या.

घरच्या सर्व्हरसाठी माझं मत पक्कं आहे: ऑफिसातून निघालेला थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा संगणक) किंवा इंटेलच्या एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी, आणि त्यावर साधं डेबियन. इथे डिव्हाइस ट्रीची भानगड नाही, कोणतीही इन्स्टॉल इमेज चालते आणि डिस्क एसएसडी असते. एन100 चे 6 वॅट हे प्रोसेसरपुरते आहेत. अख्खं यंत्र रिकामं असताना 10 वॅट धरा, म्हणजे महिन्याला सुमारे 7 युनिट. जुना डेस्कटॉप 50 वॅटने चालला तर तेच 36 युनिट होतात. जुना लॅपटॉपही चालेल, स्वतःची बॅटरी ही त्याची जमेची बाजू. पण बॅटरी फुगलेली असेल तर ती काढूनच वापरा.

जुना थिन क्लायंट घेताना तिथेच चालू करून बघा. प्रोसेसर 64-बिट हवा, कारण 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32-बिटचा इन्स्टॉलर नाही. आतली डिस्क 8 जीबीची असेल तर ती बदलता येते का ते विचारा, आणि मूळ अडॅप्टर मागून घ्या. बरेचसे थिन क्लायंट 19 व्होल्टवर चालतात, राउटरच्या 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर नाही. एन100 चे पुष्कळ मिनी पीसी 12 व्होल्टवर चालतात. घरी इन्व्हर्टर नसेल तर थोडे पैसे जास्त देऊन तोच घ्या.

आता बागेतल्या पेटीत मी झीरो 2 डब्ल्यू आणि ओव्हरले लावलाय. नोंदी पेनड्राइव्हवरही जातात आणि घरीही येतात. झाकणाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरं तयार कार्ड चिकटवलंय. सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी आहे: वीज बंद करा, कार्ड बदला, वीज सुरू करा, हिरवा दिवा लागला की मला फोन करा. गेल्या थंडीत वहिनींनी एकदा ते कार्ड बदललं, फोन मात्र मला दुपारी आला.