चाबुकस्वाराकडे की आपल्याच दावणीला?

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याहून घोडं आणलं की पंधरा दिवसांत प्रश्न उभा राहतोच: चाबुकस्वाराकडे, म्हणजे घोडी शिकवणाऱ्याकडे पाठवायचं, की घरीच वळण लावायचं? मी दोन्ही केलंय. आधी मारवाडी घोडी दोन महिने बाहेर ठेवली. नंतर आणलेलं दोन वर्षांचं शिंगरू घरीच शिकवलं.

घोडी परत आली ती झकास रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी चाल शिकून. रिकिबीत पाय टाकताना हलायची नाही, वळायला लगामाचा इशारा पुरायचा. ही चाल मला घरच्या शिंगराकडून आजतागायत धड काढून घेता आलेली नाही, हे कबूल. खर्चाचं म्हणाल तर चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, दोन्हीकडे लागतेच.

गाडी अडली ती कानांवर. लगामाची वादी कानांवरून न्यावी लागते आणि मारवाडीचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी. माझा हात कपाळाच्या वर गेला की घोडीची मान आभाळात. मी स्टुलावर चढायचो, ती मागे सरायची. कधी दहा मिनिटं, कधी वीस. एकाच माणसाच्या हाताखाली दहा जनावरं असली की कान पिळून लगाम चढवायची सवय लागते. तिच्या बाबतीत तसंच झालं असावं. मी पाहिलेलं नाही. पण मैदानात शहाणी असलेली घोडी पागेत मला चोर समजायची, याचा रोज सकाळी वीट यायचा.

शिंगराच्या वेळी लगाम खुंटीलाच ठेवला. सकाळ-संध्याकाळ फक्त खरारा (अंग घासणं), तोही खांद्याकडून, तोंडाने काहीबाही बोलत. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. हात कानाकडे गेला की ते ताठायचं. तिथेच हात थांबवायचा आणि मान सैल पडली की मगच काढायचा. त्याआधी काढला तर मान उंचावली की सुटका होते, एवढंच ते शिकतं. तिसऱ्या आठवड्यात कानाच्या मुळापर्यंत पोचलो. दीड महिन्याने कानातली गोचीड काढली, तेव्हा साहेब खालचा ओठ लोंबवून निवांत उभे होते.

नालबंदाच्या वेळीही तेच. घोडी हलू नये म्हणून तिच्या ओठाला दोरीचा पीळ द्यावा लागायचा. शिंगराच्या टापा रोज उचलून माती काढलेली, त्यामुळे ते पाय देऊन पेंगायचं.

घरी चुकाही घरच्याच होतात. मी हातावर गूळ देत गेलो आणि ते खिसे चावायला लागलं. आता गूळ घमेल्यातच. शिवाय पाठीवर बसायला चौथं वर्ष लागेपर्यंत थांबलो. तेवढा धीर नसेल, किंवा वयात आलेला नर असेल आणि तुमचं येणं रविवारपुरतंच असेल, तर खुशाल चाबुकस्वाराकडे द्या. चांगले आहेतच. फक्त लगाम चढवायच्या वेळेला स्वतः जाऊन उभे राहत जा.

घोडीचे कान मी आता पहिल्यापासून सुरू केलेत. डाव्याला हात लावू देते. उजव्याला अजून नाही.