ऊसपानांच्या फोटोंवर काम करताय? आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) कसं आहे

कोल्हापुरात मशीन लर्निंगवर संशोधन सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांचा विषय उसापाशी येतो: तांबेरा, तपकिरी ठिपके, पोक्का बोंग हे रोग मोबाइलच्या फोटोवरून ओळखणं. या कामाला एनव्हिडियाचं २०२१ मधलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० आजही पहिलं कार्ड म्हणून घेण्यासारखं आहे, ते १२ जीबी मेमरीसाठी. २०२३ चं ४०६० वेगात पुढे आहे, वीजही कमी खातं (११५ वॅट, ३०६० ला १७०), पण मेमरी ८ जीबीच. काम हळू चाललं तर रात्रभर लावून ठेवता येतं. मेमरी संपली की ट्रेनिंग जागेवरच बंद पडतं.

रेसनेट-५० (फोटो ओळखणारं मॉडेल), २२४ पिक्सेल, मिक्स्ड प्रिसिजन (काही हिशोब १६ बिटमध्ये करून मेमरी वाचवणं) चालू: ६४ ची बॅच, म्हणजे एका वेळी ६४ फोटो, आरामात बसते. पण तांबेऱ्याचे बारीक फोड २२४ मध्ये पार पुसले जातात, म्हणून ५१२ घ्या आणि बॅच १६ वर आणा. भाषेच्या मॉडेलांसाठी मात्र हे कार्ड तोकडं. सात अब्ज पॅरामीटरचं (शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल प्रत्येकी १६ बिटमध्ये नुसतं लोड करायलाच १४ जीबी लागतात. ४ बिटवर आणलं तरच क्यूलोरानं (मूळ मॉडेल तसंच ठेवून थोडेच जादा आकडे शिकवण्याच्या पद्धतीनं) ट्यून होतं.

‘कार्ड हळू चालतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा कार्डाची नसतेच. मोबाइलचे १२ मेगापिक्सेलचे जेपीईजी प्रत्येक एपॉकला (सगळ्या फोटोंवरच्या एका फेरीला) सीपीयू उलगडत बसतो आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या प्रोसेसरचा, वापर २०-३० टक्क्यांवर लोंबकळतो. सगळे फोटो एकदाच लहान करून (छोटी बाजू ६४०) एसएसडीवर ठेवा, डेटा लोडरचे (मॉडेलला फोटो पुरवणाऱ्या कोडचे) वर्कर ४ ते ८ करा. त्याच वेळी फोटो शेतानुसार वेगळे काढा. एकाच वावरातले फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले की अचूकता फुगते, मग कागलचं मॉडेल शिरोळच्या उसावर आपटतं. हे कुठलंही कार्ड घेतलं तरी सुटत नाही.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीची, ५५० वॅटची हवी. ट्रेनिंग चालू असताना अख्खा पीसी २५०-३०० वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस कागदावर ३६० वॅट देतो, पण बॅटरी जुनी झाली की लाइट जाताच तोही बसतो. १००० व्हीएचा घ्या. चेकपॉइंटमध्ये (ट्रेनिंग मधेच साठवलेल्या फाइलमध्ये) वेट्ससोबत (मॉडेलच्या आकड्यांसोबत) ते आकडे बदलणाऱ्या ऑप्टिमायझरची आणि शिकण्याचा वेग ठरवणाऱ्या शेड्युलरची स्थितीही साठवा, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) उसळतो.

जुनं कार्ड राजारामपुरीत घ्या किंवा पुण्याहून मागवा, पैसे देण्याआधी जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मेमरी बसची रुंदी १९२ बिट दिसतंय ना ते बघा. याच नावाचं ८ जीबीचं, १२८ बिटचं कार्डही बाजारात आहे. मग अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. तापमान ८३ अंशांच्या वर टिकून राहिलं किंवा पंखा खरखरला तर भाव कितीही कमी असो, ते कार्ड परत करा.