लिनक्स मिंट : गुळाच्या अडत दुकानातले सात महिने आणि साडेपाच तासांचा घोळ

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दुकानातला लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही, आणि पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे आठवड्यावर आलेले. नव्या लॅपटॉपचा विषय काढला तर मालक म्हणाले, "ह्याला काय धाड भरलीय?" म्हणून लिनक्स मिंट २२.२, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. खर्च शून्य.

पेनड्राइव्हवरून मिंट झकास उघडलं, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. पेनड्राइव्ह बदलला, आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) पुन्हा उतरवली, दोन संध्याकाळी गेल्या. खोट बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये निघाली. डिस्क जोडायच्या दोन पद्धती असतात, आरएसटी आणि एएचसीआय. स्टोरेज आरएसटी मोडवर होतं, ते एएचसीआयवर न्यायचं होतं. मात्र ते थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजला सेफ मोड लावायचा, मग बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये उघडायचं आणि मग नेहमीवर आणायचं. विंडोज ठेवणं भागच होतं, पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं, जुनं सॉफ्टवेअर तिथंच चालतं. सपोर्ट नाही म्हणून त्या बाजूचं नेट मी कायमचं बंद करून टाकलं. हा शहाणपणा पुढं नडला. इकडं मिंटमध्ये वायफायला ड्रायव्हर नव्हता. मोबाइल यूएसबीनं जोडून नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरनं तो उतरवला, मिटलं.

आता घड्याळ. ऐन सीझनमध्ये भुदरगडकडचा एक शेतकरी पट्टी नाचवत आला. "दिवाणजी, सौदा निघाला अकराला आन् पट्टी पावणेसातची? तवा माझा गूळ गाडीतनं उतरलाबी नव्हता!" त्याचा संशय असा, की सौद्याआधीच आम्ही त्याचे गुळाचे रवे (ढेपा) चढ्या भावानं परस्पर विकले आणि त्याच्या हातावर कमी भाव टेकवला. पाच माणसं गोळा झाली. पट्टी मी सव्वाबाराला काढली होती, पण लेखी पुराव्यापुढं माझं कोण ऐकतंय? मालकांनी गूळ घेणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावून भाव वदवला, तेव्हा कुठं तो शांत झाला.

मी मिंटला मनसोक्त शिव्या घातल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्डवरच्या घड्याळाचा सेल गेलाय. सेल बदलला, त्याचे आणि उघडझाक करण्याचे मिळून दोनशे रुपये माझ्या खिशातले. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागं! मग तो म्हणाला, मदरबोर्ड बघावा लागेल. तिथून लॅपटॉप उचलला.

सेल मेला तर घड्याळ थेट जुन्या सालात जातं. हे रोज बरोबर साडेपाच तास मागं, म्हणजे ग्रिनिचचं आणि आपलं अंतर. एवढं शाळेत शिकलेलं मला दोनशे रुपये घालवल्यावर आठवलं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंट नेटवर असलं की दर अकरा मिनिटांनी ते घड्याळ स्वतःच्या पद्धतीनं लावतं. विंडोजचं नेट चालू असतं तर त्यानं वेळ कधीतरी सुधारून घेतली असती. ते मीच तोडलेलं. म्हणजे मिंटला घातलेल्या शिव्या परत घ्याव्या लागल्या.

उपाय टर्मिनलमधली एक ओळ. टाइमडेटसीटीएल या घड्याळाच्या कमांडला सांगायचं, की मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. ते इशारा देतं, की टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळेच्या वेळी यानं घोळ होतील. आपल्याकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं करायची पद्धत नाही, आणि हा लॅपटॉप यार्डाबाहेर जात नाही. मी तसंच ठेवलंय. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या नोंदींत) बदल करणं जास्त शुद्ध म्हणतात, पण पट्टीच्या बाजूला हात लावायची माझी आता छाती नाही.

बाकी मिंटबद्दल तक्रार नाही. लॅपटॉप झटकन उघडतो, पंख्याची घरघर थांबली, इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी टाइप होतं, प्रिंटर आपोआप सापडला. त्या शेतकऱ्यानं पुढच्या खेपेला पट्टीवर आधी वेळ बघितली, मग भाव.

अडलंय एवढंच, की युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातली उधारीची पत्रं मिंटवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. ती पुन्हा टाइप करायला माणूस लावूया म्हटलं, तर मालक म्हणाले, सीझन संपला की बघू. सीझन संपून महिना झाला.