गुंतवणुकीचा पहिला फ्लॅट: बुकिंग करावं की तयार घ्यावा?

राहायचं घर आहे, हाताशी २० लाख आहेत आणि पुण्याच्या कडेला ५० लाखांचा वन बीएचके भाड्याने देण्यासाठी घ्यायचाय. वाघोलीत फिरलात तर दोन प्रकारचे सौदे समोर येतील: नव्या प्रोजेक्टमधलं बुकिंग, नाहीतर आठ-दहा वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेल. सॅम्पल फ्लॅट बघून आलेल्या माणसाला रिसेलच्या भिंती कळकट वाटतात, म्हणून आधी हिशेब मांडू.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे ४० लाख बँकेचे, १० लाख आपले. शिवाय ७ टक्के स्टॅम्प ड्युटीचे साडेतीन लाख आणि नोंदणीचे ३० हजार, तेही आपल्याच खिशातून. बुकिंगला त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी अडीच लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो नाही. तिथे एजंटची दलाली, २ टक्के धरली तर एक लाख. खरेदी झाल्यावर बुकिंगवाल्याकडे ३ लाख ७० हजार उरतात, रिसेलवाल्याकडे ५ लाख २० हजार.

४० लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ३४,७०० च्या आसपास येतो. घरभाडं १५ हजार आणि मेंटेनन्स ३ हजार धरा. रिसेलमध्ये पहिल्या-दुसऱ्या महिन्यापासून भाडेकरू येतो. तरी दरमहा २२-२३ हजार पगारातून घालावेच लागतात. भाडेकरू मिळालाच नाही तरी उरलेल्या पैशांतून पंधरा हप्ते निघतात. बुकिंगवाल्याचे दहाच.

बुकिंगमध्ये बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे कर्ज सुटतं, म्हणजे बँक बिल्डरला पैसे देत जाते, आणि तोवर नुसतं व्याज भरायचं, हे सुरुवातीला हलकं वाटतं. पण सगळं कर्ज सुटलं आणि ताबा वर्षभर लांबला, तर ३ लाख ४० हजार व्याजात जातात, मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. माझ्या मावसभावाला दिवाळीचा ताबा सांगितला होता. बिल्डरने पुढची दिवाळीही घालवली. दर ५ तारखेला व्याज कापल्याचा मेसेज आला की वहिनी फोन पालथा ठेवायच्या. महारेरात, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाकडे, विलंबाचं व्याज मागता येतं, आदेशही मिळतो, पण ते पैसे वसूल होईपर्यंत हप्ते आपल्यालाच भरावे लागतात.

रिसेलही डोळे झाकून घेऊ नका. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-देय दाखला (थकबाकी नसल्याचा) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचं) मागा. एप्रिल-मेमधल्या एखाद्या रविवारी सकाळी गेटवर जा आणि वॉचमनच्या रजिस्टरात रोज किती टँकर आत येतात ते बघा. मेंटेनन्सचा आकडा तिथेच ठरतो. इमारत फार जुनी असेल तर बँक कर्जाची मुदतही कमी करते.

दोन्हीकडे सारखा असलेला धोका म्हणजे व्याजदर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. एवढ्या वाढीने पावणेसात टक्क्यांच्या कर्जाचा ३०,४०० चा हप्ता ३६,६०० होतो. म्हणून स्वतःचे १० लाख पर्सनल लोनने उभे करू नका; हे मी अगदी कळकळीने सांगतो. उरलेले पैसे ओव्हरड्राफ्टवाल्या, म्हणजे कर्जाला जोडलेल्या खात्यात पैसे ठेवता-काढता येतील अशा, गृहकर्जात ठेवले तर तेवढं व्याज वाचतं आणि लागतील तेव्हा काढताही येतात. ‘टॅक्स वाचेल’ हेही तपासून घ्या: नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं की होतो तो) पगारातून वजा होत नाही.

मला विचाराल तर पहिला फ्लॅट तयारच घ्यावा. बुकिंग त्याने करावं ज्याला भाड्याविना दोन वर्षं पूर्ण हप्ता भरता येईल, आणि तेही महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती स्वतः तपासूनच. प्लॉटचा विचार मी इथे करत नाही, कारण त्यातून भाडं येत नाही.

महिन्याला २२ हजार घालणंच झेपत नसेल, तर आज फ्लॅट नको. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींत अनेकांचे पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टचं, एक युनिटही घेता येतं. २०१९ मध्ये पहिला रीट नोंदला गेला. वाटपायोग्य रकमेचा किमान ९० टक्के भाग त्यांना गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो. युनिटचा भाव पडू शकतो, पण तुमच्या डोक्यावर कर्ज नसतं.