खेळाडू मुलींसाठी मेसचा डबा: जेवण चांगलं, ‘डाएट’ पर्याय नको

कॉलेजच्या मैदानाजवळच्या या मेसच्या ‘स्पोर्ट्स डब्या’त 3 पोळ्या, मटकीची उसळ, वरण-भात, दही आणि 2 उकडलेली अंडी असतात. तेल बेताचं, उसळ नीट शिजलेली. सगळं संपवलं तर साधारण 35 ग्रॅम प्रथिनं मिळतात. 55 किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला 75 ते 100 ग्रॅम लागतात, म्हणजे एका जेवणापुरतं हे उत्तम. अंड्याऐवजी पनीर घेणार असाल तर 60 ग्रॅम मागा. दोन-चार तुकड्यांवर भागत नाही.

खटकतो तो ‘डाएट डबा’: 1 पोळी, भात नाही, वर काकडी. वजनाच्या भीतीने बऱ्याच मुली हाच घेतात. दोन वेळा सराव करून असं खाल्लं की शरीर आधी पाळीवर काटकसर करतं, मग हाडांवर. तीन महिने पाळी आली नाही तर तो ‘फिटनेस’ नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याचं कारण आहे. नडगी सतत दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेली आहे का, तेही तपासून घ्या.

जेवणाबरोबर चहा फुकट मिळतो, तो तासाभराने प्या. चहामुळे उसळीतलं लोह कमी शोषलं जातं. लिंबाची फोड मात्र मागून घ्या, त्याने शोषण वाढतं.

मेस साडेआठला उघडते आणि सकाळचा सराव सातला संपतो. तेवढ्यासाठी बॅगेत केळं आणि शेंगदाण्याची चिक्की असू द्या.